अम्माचा रकाना

१९९१ च्या फेब्रुवारीत मी माझ्या आईला 'काम न करणारी' असं सरकारला लिहून दिलं. माझ्या हातानं, माझ्या सुवाच्य अक्षरात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि जनगणना ही मास्तरांच्याच गळ्यात पडणारी गोष्ट. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर हिंडायचं आणि १ मार्चच्या सूर्योदयाला देशात किती माणसं होती त्याचा हिशेब लावून द्यायचा. माझ्या वाट्याच्या गटात आमची गल्ली होती, म्हणजे आमचं घरही होतं. दुपारची वेळ. मी ओसरीवर मांडीवर पॅड घेऊन बसलो. अम्मा समोर अंगणात लाल मिरचीच्या ढिगापाशी, पदर नाकातोंडाशी ओढून, फटकी वेगळी काढत होती. पहिली ओळ नायनाची, म्हणजे वडिलांची : कुटुंबप्रमुख, शेती. दुसरी अम्माची. गेल्या वर्षभरात काही काम केलं का? नाही. नाही, तर मग काय करते? घरकाम. मान वर करून तिच्याकडे बघायचीही मला गरज वाटली नाही. तिसरी ओळ माझी स्वतःची. तिला जरा वेळ लागला, कारण माझ्या नोकरीबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ होतं.

चूक माझीच, फॉर्मवर ढकलता येणार नाही. त्या वर्षी कामाच्या प्रश्नात मुद्दाम शब्द घातले होते, की घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात बिनपैशानं केलेलं कामही धरायचं. म्हणजे अम्मासारख्या बाईला पकडण्यासाठीच तो प्रश्न दुरुस्त केला होता. दुसऱ्यांच्या घरी मी तो नीट वाचून दाखवला, दोन-तीन बायकांना खोदून खोदून विचारलं, त्यांच्या नवऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी लिहिलंही. स्वतःच्या घरी विचारलं नाही. आपल्या आईला कोण विचारतो, तू काम करतेस का म्हणून?

बाहेरच्या माणसाला सिरोंचा म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, नक्षलवादी आणि शिक्षेची बदली. आमच्याकडे रुजू व्हायला येणारा साहेब एसटीतून उतरतो तेव्हा त्याचा चेहरा काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसासारखा असतो. त्यात त्याचाही दोष नाही. गडचिरोली हे आमच्या जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातला बराच रस्ता सागवानातून जातो. महाराष्ट्राचा नकाशा काढताना पोरं हमखास चुकतात ते खाली उजवीकडचं टोक म्हणजे आम्ही. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याला भेटून प्राणहिता होते, ती आमच्या दारावरून वाहते आणि पुढं लगेच गोदावरीला मिळते. पलीकडे काळेश्वरम. तिथल्या देवळात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत, एक काळेश्वराचं म्हणजे यमाचं आणि दुसरं मुक्तेश्वराचं.

अम्मा त्या काठची. महादेवपूरकडच्या एका खेड्यातली. १९५३ च्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन या काठाला आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. नदी आटलेली, वऱ्हाडाच्या गाड्या वाळूतून चाललेल्या, चाकं रुतली की सगळे उतरून ढकलायचे, नवरीसकट. मधल्या धारेपुरती नाव. ती नावेत बसली तेव्हा हैदराबाद राज्यात होती आणि उतरली तेव्हा मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. तिला अर्थात हे कोणी सांगितलं नाही. तिच्यासोबत होतं ते एक पितळी बिंदा, म्हणजे पाण्याचा घडा, एक लाकडी पेटी आणि कनवटीला अकरा हाली रुपये.

हाली म्हणजे निजामाचं नाणं. एका बाजूला चारमिनार, आणि चारमिनाराच्या कमानीत एक बारीक अक्षर : उस्मान अलीच्या काळचं असेल तर 'ऐन', त्याच्या बापाच्या काळचं असेल तर 'मीम'. इंग्रजांच्या रुपयाला आमच्याकडे कलदार म्हणत, आणि सात हालीचे सहा कलदार असा साधारण भाव धरत. ती आली तेव्हा त्या काठावर भारताचा रुपया चालू झाला होता, पण जुनी माणसं हाली सोडत नव्हती. आल्या आल्या अत्तानं, म्हणजे सासूनं, त्यातले चार मागून घेतले. उरलेले सात अम्मानं डालड्याच्या डब्यात मेथ्यांखाली ठेवले. पुढे ते नाणं बंद पडलं तरी तिथेच राहिले. मेथ्या बदलत गेल्या.

मी १९५६ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशात जन्मलो. दिवाळीच्या सुमारास मुंबई राज्यात होतो. रांगता रांगता १९६० साली महाराष्ट्रात आलो, असं मी वर्गात सांगायचो. चार वर्षांचं पोर रांगत नाही हे एकाही पोरानं कधी धरलं नाही. जिल्हा चांदा होता, त्याचं नाव चंद्रपूर झालं, मग २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा निघाला आणि आम्ही त्यात गेलो. अम्माचं माहेर हैदराबादमधून आंध्र प्रदेशात गेलं, २०१४ ला तेलंगणात, आणि २०१६ मध्ये त्याचाही जिल्हा बदलला. एवढ्या काळात अम्मानं एकदा चूल बदलली, पावसानं भिंत पडली म्हणून.

सिरोंच्याच्या अशा अदलाबदलीला जुना इतिहास आहे, आणि धाराशिवच्या माणसाला तो ऐकून गंमत वाटेल. १८६० साली इंग्रजांनी निजामाला धाराशिव आणि रायचूर दुआब परत केला आणि त्या व्यवहारात निजामानं गोदावरीच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांना दिले. त्यात सिरोंचा होतं. इंग्रजांना काठ हवा होता तो नदीसाठी. आर्थर कॉटन, ज्यानं धवळेश्वरमला गोदावरी अडवली, त्याच्या डोक्यात या नदीतून थेट वर वऱ्हाड-नागपूरच्या कापसापर्यंत बोटी नेण्याचं होतं. वाटेत खडकांचे तीन अडसर होते. पहिल्यापाशी, दुम्मगुडेमला, बंधारा आणि कालवा झाला. दुसरा इंचमपल्लीचा, आमच्या खालच्या अंगाला. पैसा ओतला, माणसं तापानं मेली, आणि १८७१ च्या सुमारास सगळा खटाटोप सोडून दिला. तोवर सिरोंचा हे 'अप्पर गोदावरी' नावाच्या जिल्ह्याचं मुख्यालय झालं होतं. चौदा वर्षं आम्ही जिल्ह्याचं ठिकाण होतो! १८७४ ला तो जिल्हाच मोडला, भद्राचलमकडचा भाग मद्रासला गेला आणि सिरोंचा चांद्याचा तालुका झालं. १९०७ ला चेर्ला, अल्बाका, नुगुर हेही मद्रासकडे गेले. राहिलो ते आम्ही, मराठी जिल्ह्यातले तेलुगू.

बोटी आल्या असत्या तर सिरोंचा बंदर झालं असतं. आल्या नाहीत, म्हणून नदी कोळ्यांच्या नावांना आणि बायकांच्या घड्यांना राहिली.

उन्हाळ्यात पाणी काठापासून दूर सरकायचं. मग बायका वाळूत चेलमा खणायच्या. चेलमा म्हणजे हातभर खोल खड्डा, विदर्भात वर त्याला झिरा म्हणतात. आधी हातानं वाळू बाजूला, मग वाटीनं गढूळ पाणी काढून टाकायचं, दोनदा, तीनदा, आणि मग थांबायचं. पाणी तळातून हळूहळू वर येतं आणि काचेसारखं असतं. अम्मा ते वाटीवाटीनं बिंद्यात भरायची. पहाटे चारला निघायची, कारण आधी आलेल्या बाईचा चेलमा ती उठेपर्यंत तिचाच. उजाडताना दोन खेपा झालेल्या असायच्या. परत येऊन अंगणात शेणाचा सडा, दाराशी मुग्गू, म्हणजे आमची रांगोळी. मग इसुर्राईवर, जात्यावर, ज्वारी भरडायची आणि गटका शिजवायचा. गटका म्हणजे ज्वारीच्या कण्यांचा घट्ट भात. त्याच्यासोबत पुंटीकूरा, अर्थात अंबाडीची भाजी, किंवा चिंचेचा चारू. भात सणाला आणि पाहुण्याला, आणि तोही उखळात रोकलीनं, मुसळानं, घरीच कांडलेला.

२०१९ मध्ये सरकारनं देशभर पहिल्यांदा माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७, असं निघालं. मी तो आकडा वाचला आणि आधी अम्माच्या पाण्याचेच दोन तास मांडले. मग जातं. पुढं मांडत बसलो नाही.

एक जरा बाजूची गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या वर्षांत अम्मा आमच्या घरात नवी होती, त्याच वर्षांत, १९५८ ते ६१ दरम्यान, आमच्या तालुक्यातल्या पोचमपल्लीला कलकत्त्याहून शास्त्रज्ञ येऊन जमीन उकरत होते. अजस्र डायनोसॉरची तीनशेच्या आसपास हाडं निघाली, निदान सहा जनावरांची. त्याला नाव दिलं बारापासॉरस टागोराय, कारण बंगालीत बारा पा म्हणजे मोठा पाय, आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. हाडं कलकत्त्याला गेली आणि तिथे उभी आहेत. हे काम करणारी संस्था कुठली, तर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, महालनोबिसांची, जिनं स्वतंत्र देशाला मोजदाद करायला शिकवलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराचं एकेक हाड त्या लोकांनी क्रमांक घालून मोजलं, आणि मला घरातल्या जिवंत माणसाचे दिवस मोजता आले नाहीत. पोचमपल्लीत पोचम्मा देवी आहे, तिला बोनम चढवायला अम्मा जायची. हाडांबद्दल तिला विचारलं तर म्हणाली, देवीच्या जमिनीत हात घातला, काहीतरी निघणारच.

घरात तेलुगू, शाळेत मराठी. पहिल्या दिवशी गुरुजींनी छातीला हात लावून 'मी' म्हणून दाखवलं तेव्हा मी बुचकळ्यात पडलो, कारण तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमचं'. अम्मा मला 'मी नायना' म्हणायची म्हणजे 'तुझे वडील'. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून दिवसातून वीस वेळा हे 'मी' तिच्या तोंडी असायचं. मला वाटलं, गुरुजी सारखे आम्हालाच काहीतरी देतायत. पुढे मी मास्तर झाल्यावर पहिलीच्या पोरांना हा शब्द शिकवताना आधी दोन मिनिटं तेलुगूत बोलायचो. पुस्तकात तशी सोय नव्हती.

आता मिरची. सिरोंच्याच्या नदीकाठच्या काळ्या मातीत मिरची चांगली येते आणि आमच्या चार एकरांपैकी दीड एकर मिरचीलाच असे. पावसाळ्यात नारू, म्हणजे रोप, टाकायचं. पोळ्याच्या पुढेमागे लावणी. मग निंदणं. थंडीत पहिली तोड, संक्रांतीनंतर दुसरी, होळीच्या आधी तिसरी. तोडणी वाकून, ओटी भरली की गंपेत, टोपलीत, रिकामी करायची. गंपा डोक्यावर घेऊन कल्लमला, खळ्यावर. खळं शेणानं सारवलेलं असे, ते सारवायचं कामही तिचंच. मिरची पसरायची, दिवसातून दोनदा पायानं परतायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची. वाळली की नाही हे ती कानाशी हलवून बघायची. बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग बोटानं वाकवायची. कडकन मोडली तर जास्त वाळली, वजन गेलं. वाकली आणि दमट लागली तर पोत्यात बुरशी धरणार. मधली जी अवस्था, ती ओळखणारी गल्लीत ती आणि आणखी एक म्हातारी, अशा दोघीच होत्या. नायनाला ते जमायचं नाही. तो मिरची उचलायचा, हलवायचा, आणि अम्माकडे बघायचा.

त्यानंतर निवडणं. पांढुरकी, डाग पडलेली मिरची वेगळी काढायची. मराठीत ती फटकी, आमच्यात तालू. तालूला निम्मा भावही येत नाही, आणि चांगल्या पोत्यात मूठभर सापडली तर व्यापारी सगळ्या पोत्याचा भाव पाडतो. हे काम महिनाभर चालायचं. त्या दिवसांत अम्माचे हात पेटलेले असायचे. दही लावायची, तिळाचं तेल लावायची, रात्री बिंद्याच्या गार अंगाला तळवे टेकवून बसायची. डोळ्याला हात लावता यायचा नाही. पाणी आलं की मला हाक मारायची, 'बिड्डा, इकडे ये', आणि मी माझ्या सदऱ्याच्या टोकानं तिचे डोळे टिपायचो. धाकट्या बहिणीला ती त्या दिवसांत उचलून घ्यायची नाही. घास भरवायचं काम नायनाकडे. आम्हाला ताटात सगळं पळीनं वाढलं जायचं, भात कालवून द्यायला तिचा हात नसायचा. बहीण आज साठीला आली, अजून म्हणते की मिरचीच्या दिवसांतला भात कोरडा लागायचा.

पोती भरली की पलीकडे जायची, वाळूतून गाडीनं किंवा नावेनं, आणि पुढे वरंगलच्या बाजाराला. येताना नायनाच्या खिशात हिशेबपट्टी असायची. पट्टीवर नाव नायनाचं. जमिनीच्या सातबारावरही त्याचंच. १९९१ ला मी तक्ता भरला तेव्हा डोळ्यापुढे ही पट्टी असणार. दुसरं काय असणार?

ऑगस्ट १९८६ चा पूर आमच्या पिढीचा पूर. भद्राचलमला गोदावरी पंचाहत्तर फुटांच्या वर गेली होती, तेव्हा आमच्याकडे काय झालं असेल ते समजा. रात्री खालच्या गल्लीत पाणी शिरलं. मी शाळेची दप्तरं वाचवायला धावलो, कारण हजेरीपटाची जबाबदारी माझी. नायना बैलांकडे. परत आलो तर अम्मा शाळेच्या वऱ्हांड्यात बसलेली. मांडीवर आवकायाची जाडी, म्हणजे आंब्याच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी, आणि पदरात बांधलेलं मिरचीचं बियाणं. डालड्याचा डबा घरातच राहिला होता. मी म्हटलं, तुझे हाली? ती म्हणाली, ते वाहून गेले तरी खाता थोडेच येणार होते. आठवड्यानं गाळ उपसताना डबा सापडला, मेथ्यांना मोड आलेले. त्या वर्षी गल्लीतल्या सात घरांनी तिच्या पदरातल्या बियाण्यावर रोपं केली. जाडी उघडली तेव्हा शाळेत आश्रयाला आलेल्या सगळ्यांना भाताबरोबर लोणचं मिळालं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सरकारी धान्य आलं.

भाद्रपदातल्या अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा. आमच्याकडे तो दसऱ्याहून मोठा. बायका तरवडाची पिवळी फुलं, कुरडू, झेंडू ताटात थरावर थर रचून शिखर करतात, भोवती फेर धरतात आणि शेवटच्या संध्याकाळी ते नदीत सोडतात. वर्षातले हे नऊ दिवस अम्मा संध्याकाळी घरात सापडायची नाही. नायना स्वतः चूल पेटवायचा आणि चहा करायचा, साखर जास्त घालून. तिच्या बतुकम्माचा खालचा थर कधी ढळला नाही, कारण ती कुरडूच्या काड्या एका मापाच्या तोडायची. इतरजणी फुलं बघायच्या, ती देठं बघायची. मिरची निवडणाऱ्या हाताची सवय, दुसरं काय.

२०१० च्या जुलैत पेपरात एक निकाल वाचला. अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायमूर्ती गांगुलींनी लिहिलं होतं की २००१ च्या जनगणनेनं देशातल्या सुमारे ३६ कोटी बायकांना काम न करणाऱ्यांत धरून भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या पंगतीला बसवलं आहे. मी पेपर घडी करून ठेवला. संध्याकाळी पुन्हा उघडला. मग एक पाठकोरा कागद घेतला आणि अम्मापाशी जाऊन बसलो. तिला बहात्तरावं लागलं होतं, शेतात जाणं सुटलं होतं, पण हिशेब पक्का होता.

ती दिवसांत मोजायची नाही. 'पहिल्या तोडीपासून संक्रांतीच्या पिठापर्यंत', 'रोवणीला मृग कोरडा गेला तर जास्त', 'तुझी बहीण पोटात होती त्या वर्षी कमी' असं तिचं माप. मी त्याचे दिवस करत गेलो. मिरची, नारूपासून पोत्यापर्यंत : १२०. भात, रोवणी-निंदण-कापणी आणि मळणी : ४६. तेंदू : १३. तेंदूची पानं मे महिन्यात, उन्हाच्या आत तोडून आणायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा. आमच्या घरात अम्माच्या नावानं रोख पैसा आला तो एवढाच. मोहाची फुलं वेचणं : १५. एकूण १९४. मी मास्तर, बेरीज तीनदा केली. जनगणनेच्या नियमात वर्षातले १८३ दिवस काम केलं की माणूस मुख्य काम करणारा ठरतो. पाणी, जातं, चूल, सडा, आम्ही तिघं भावंडं, अत्ताचं आठ वर्षांचं अंथरूण, यातला एकही दिवस या १९४ मध्ये नाही.

मी तिला सांगितलं की एकोणीस वर्षांपूर्वी मी चुकीचं लिहिलं. तिनं कागद हातात घेतला, उलटा. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, 'आता दुरुस्त केलं तर सरकार मजुरी देणार आहे का?' मी म्हटलं, नाही. 'मग राहू दे. तेव्हा विचारलं असतंस तरी मी घरकामच सांगितलं असतं. तू साहेब होऊन बसला होतास, तुझ्यासमोर काय बोलायचं?' थोड्या वेळानं तिनंच विचारलं, 'मोहाचे पंधरा कसे धरलेस? वीस तरी असतील.' मी पंधरा खोडून वीस केले. १९९.

२०१६ च्या अखेरीला गोदावरीवर पूल झाला आणि काळेश्वरम दहा मिनिटांवर आलं. २०१७ च्या महाशिवरात्रीला मी तिला ऑटोनं नेलं. जन्मभर ती नावेनं गेली होती. मधल्या धारेत आलं की ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावायची आणि एक नाणं सोडायची. पुलावर मध्यावर आल्यावर ती ऑटोवाल्याला थांब म्हणाली. मागून ट्रक होते, तो थांबला नाही. पलीकडे उतरल्यावर तिनं त्याच्याकडून पाच रुपये कमी करून घेतले.

२०१८ ला मेडारमच्या जत्रेला तिला जाता आलं नाही. सम्मक्का-सारलम्माला वजनाइतका गूळ वाहायचा असतो, त्याला बंगारम म्हणजे सोनं म्हणतात. तिनं माझ्यासोबत गूळ पाठवला आणि परत आल्यावर प्रसादाचा खडा बराच वेळ गालात धरून बसली. त्यानंतर आठवडाभरात गेली. फेब्रुवारी होता, दारात मिरची वाळत होती, भावाच्या शेतातली. माणसं यायला लागली तेव्हा बहिणीनं पहिल्यांदा ती गोळा करून झाकली आणि मग रडायला बसली. डालड्याच्या डब्यात सात हाली निघाले. भावंडांत दोन-दोन वाटून घेतले, एक नदीत सोडला. माझ्याकडच्या एकात 'ऐन' आहे, दुसरं झिजलंय.

मृत्यूची नोंद करायला मी दहाव्या दिवसानंतर गेलो. खिडकीशी बसलेला पोरगा उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं. फॉर्ममध्ये खालच्या भागात एक रकाना असतो, मयताचा व्यवसाय. कंसात सूचना असते की व्यवसाय नसेल तर 'निरंक' लिहावं. पोरानं पेन टेकवलंच होतं. मी म्हटलं, थांब, शेती लिही.

त्यानं मान वर केली. 'सर, पण अम्मा तर घरीच असायच्या ना?'

पहिली ते चौथी हा पोरगा माझ्याच वर्गात होता.